दिवसभर मूल कोणापाशी?

बाळाचे वजन कमी भरले की सरकारी दवाखान्यातला सल्ला ठरलेला असतो. ‘दिवसातून पाच वेळा भरवा. वरणभात घट्ट कालवून द्या, वरून चमचाभर तेल घाला. अंडे चालत असेल तर द्या. चहा-बिस्किट बंद करा. पाणी उकळून, गार करून द्या.’ आई मान डोलावते, केसपेपर घडी करून पिशवीत ठेवते आणि निघते. महिन्याने बाळाला पुन्हा काट्यावर ठेवले तर वजन जिथल्या तिथे, कधी शंभर ग्रॅम खालीच. कागदावर नोंद होते, ‘समुपदेशन केले’. आणि दवाखान्यातले कोणीतरी एक वाक्य हमखास बोलून जाते, ‘यांना कितीही सांगा, या ऐकतच नाहीत.’

हे वाक्य एकदा तपासून पाहायला हवे. अंडे पौष्टिक असते, पाणी उकळून प्यावे, बाळाला वरचेवर भरवावे हे आज ठाऊक नसलेली आई वस्तीत शोधूनही सापडणे कठीण. आशा सेविकेने ते सांगितलेले असते, अंगणवाडीच्या भिंतीवर ते रंगवलेले असते, लसीकरणाच्या दिवशी ते पुन्हा ऐकवले जाते. तरीही वजन वाढत नसेल, तर अडचण माहितीपलीकडे कुठेतरी आहे. ती कुठे आहे हे पाहण्यासाठी आईचे ज्ञान तपासण्याऐवजी तिच्या दिवसाचे घड्याळ तपासावे लागते.

पनवेलचेच उदाहरण घेऊ. १८५२ साली नगरपालिका झालेले हे गाव राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. १ ऑक्टोबर २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातली पहिली महानगरपालिका इथेच झाली. जुन्या पनवेलसोबत नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे, खारघर आणि आसपासची गावे एका छत्राखाली आली. या भागाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच सुमारे ५ लाख होती. त्यानंतर उभे राहिलेले टॉवर मोजले तर ती कितीतरी वाढली असणार. वेशीवरच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. शहर झपाट्याने वाढते आहे. वाढत्या शहराला झाडलोट, धुणीभांडी, स्वयंपाक, वयस्कांची आणि लहान मुलांची देखभाल, इमारतींवर विटा-रेती वाहणारे हात लागतात. हे हात मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर कर्नाटकातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून येतात. ते राहतात रेल्वे स्थानकाजवळच्या झोपड्यांत, तळोजा एमआयडीसीच्या कडेच्या चाळींत, कळंबोलीच्या लोखंड बाजारामागच्या वस्त्यांत आणि जुन्या गावठाणांतल्या दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोल्यांत. यातल्या अनेक खोल्या कागदोपत्री झोपडपट्टीत मोडतही नाहीत.

अशा घरातला दिवस कसा असतो? कोणा एका कुटुंबाचा हा दिवस नव्हे. थोड्याफार फरकाने तो शेकडो घरांत सारखाच उगवतो. पहाटे पाण्याची वेळ असेल तर पाचला उठून पिंप भरायचे. पोळीभाजी करून, मोठ्या मुलांची तयारी करून बाई साडेसातला बाहेर पडते. चार घरची कामे, त्यांच्यामधली पायपीट किंवा शेअर रिक्षा. घरी परतायला साडेतीन-चार वाजतात. नवरा बिगारी असेल तर सकाळीच नाक्यावर जाऊन उभा राहतो. सासू किंवा आई गावाकडे, शेत आणि शेळ्या राखत. मग दहा महिन्यांचे मूल आठ तास कोणापाशी राहते?

याची उत्तरे चार-पाचच आहेत. शेजारची मावशी महिन्याचे काही पैसे घेऊन सांभाळते. तिच्याकडे अशी आणखी तीन-चार मुले असतात. किंवा नऊ-दहा वर्षांची बहीण सांभाळते आणि तिची शाळा हळूहळू सुटत जाते. किंवा आई मुलाला कामावर नेते, पण सगळ्या घरांना ते चालत नाही. बांधकामावरची आई वाळूच्या ढिगाशेजारी त्याला साडीच्या झोळीत टांगते. आणि यातले काहीच जमले नाही, तर मुलाला झोपवून दाराला बाहेरून कडी घातली जाते. कडी घालताना आईच्या जिवाची घालमेल होत नाही असे कोणी समजू नये. पण चार घरांपैकी एका घराने ‘रोजच उशीर करतेस’ म्हणून काम काढून घेतले, तर महिन्याचे भाडे कुठून द्यायचे हा प्रश्न तिच्यापुढे तितकाच खरा असतो.

आता दवाखान्याचा सल्ला या घड्याळावर ठेवून पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार नऊ महिने ते दोन वर्षांच्या मुलाला आईच्या दुधाखेरीज दिवसातून तीन ते चार वेळा जेवण आणि गरजेनुसार एक-दोनदा मधले खाणे लागते. यामागे साधे शरीरशास्त्र आहे. बाळाच्या जठरात त्याच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मावते. आठ किलोच्या बाळाला एका वेळी जेमतेम एक मोठी वाटी. म्हणून त्याला मोठ्या माणसासारखे दोनदा पोटभर जेवून चालत नाही. थोडे थोडे, दाट आणि वारंवार द्यावे लागते. वरणाचे नुसते पाणी दिले तर पोट भरते, पण अंगी काही लागत नाही.

या पाचांपैकी किमान तीन खाणी साडेसात ते साडेतीन या वेळात येतात. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले तर वर्षाला ९३६ वेळा हे मूल दुसऱ्या कोणाच्या हातून जेवणार, किंवा जेवणारच नाही. त्यातही लहान मूल भरवणे म्हणजे ताट पुढे सरकवणे नव्हे. एका वाटीला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. ते तोंड फिरवते, थुंकते, खेळते, पुन्हा तोंड उघडते. चार मुले सांभाळणाऱ्या मावशीकडे किंवा नऊ वर्षांच्या बहिणीकडे एवढी सवड आणि चिकाटी नसते. तिथे पाच रुपयांचे चटकमटक पुडके कामाला येते. ते भरवावे लागत नाही, सांडत नाही, मूल स्वतःच्या हाताने खाते आणि गप्प बसते. दुपारी त्याला चहात बुडवलेले बिस्किट मिळते. चहातले टॅनिन अन्नातले लोह शरीरात शोषू देत नाही, आणि आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा तर सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत आलेला असतो.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आढळली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय होता. आधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ५३.८ टक्के होते. हे आकडे मेळघाट किंवा जव्हार-मोखाड्यापुरते नाहीत. ते साऱ्या राज्याचे आहेत आणि त्यात शहरेही येतात. कुपोषण म्हटले की आदिवासी पाडा डोळ्यांपुढे येतो. एक्स्प्रेस वेच्या तोंडाशी वसलेल्या खोलीतले मूल येत नाही.

ते न दिसण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत कारखान्याच्या रंगामुळे निळी झालेली भटकी कुत्री दिसली. त्यांची छायाचित्रे जगभर छापून आली आणि यंत्रणेला धावपळ करावी लागली. रंग डोळ्यांना दिसला, म्हणून. दोन वर्षांच्या मुलाची उंची चार सेंटिमीटरने कमी आहे हे शेजाऱ्याला काय, आईलाही दिसत नाही. कारण गल्लीतली बाकीची मुलेही तेवढीच असतात. खुजेपण पट्टीवर मोजल्याशिवाय कळत नाही आणि कळते तोवर पहिल्या हजार दिवसांपैकी बरेच निघून गेलेले असतात.

भुकेइतकीच दुसरी एक उणीव आहे आणि तिची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही. मूल दोन वर्षांचे होईपर्यंत त्याच्या मेंदूची वाढ प्रौढ मेंदूच्या आकाराच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोचते. या काळात मेंदूतली जोडणी पक्की होते ती बोलण्या-खेळण्यातून. मूल हुंकार देते, कोणीतरी त्याला उत्तर देते. ते बोट दाखवते, कोणीतरी त्या वस्तूचे नाव सांगते. ही देवाणघेवाण दिवसात शेकडो वेळा व्हावी लागते. बंद खोलीत ती होत नाही. हल्ली तिची जागा मोबाइलने घेतली आहे. जुना फोन मुलापुढे लावून ठेवला की ते तासन्‌तास हलत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पण पडद्याच्या जागी माणूस कोण आणायचा, याचे उत्तर वस्तीतल्या आईपाशी नसते. टॉवरमधल्या घरातही मूल जेवताना फोन लागतोच. फरक इतकाच की तिथे तो जेवणापुरता असतो, इथे दिवसभर.

या उणिवेची भरपाई होऊ शकते का? याचे एक चांगले उत्तर जमैकातून मिळाले. किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांमधल्या, ९ ते २४ महिने वयाच्या १२९ खुज्या मुलांवर १९८६-८७ मध्ये सॅली ग्रॅन्थम-मॅग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग सुरू केला. काही मुलांना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्य सेविका आठवड्यातून एकदा तासभर जाऊ लागली. ती घरच्याच वस्तूंपासून केलेली खेळणी घेऊन मुलाशी खेळे आणि आईलाही खेळायला लावी. काहींना दोन्ही मिळाले, काहींना दोन्ही नाही. हे दोन वर्षे चालले. सुमारे वीस वर्षांनी त्यांचा पुन्हा शोध घेतला गेला आणि निष्कर्ष २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. ज्यांच्याशी त्या वयात नेमाने खेळले गेले होते, त्यांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. बालपणी खुजी नसलेल्या मुलांच्या ती बरोबरीला आली होती. केवळ पूरक आहाराचा असा टिकाऊ परिणाम दिसला नाही. याचा अर्थ आहार नको असा होत नाही. भुकेल्या मुलाला आधी अन्नच हवे. पण अन्नाबरोबर जाणते, बोलणारे, खेळणारे माणूस मिळाले तर गरिबीत जन्मलेल्या मुलाचे पुढचे आयुष्य बदलते, हे त्यातून दिसले. यात महाग असे काहीच नव्हते. लागला तो एका माणसाचा वेळ.

म्हणजे औषध ठाऊक आहे. दिवसाच्या आठ तासांसाठी मुलाला स्वच्छ जागा, वेळेवर भरवणारे हात आणि त्याच्याशी बोलणारे तोंड हवे. याला मराठीत एक जुना, घरगुती शब्द आहे : पाळणाघर. आपण पाळणाघराकडे नोकरदार मध्यमवर्गाची सोय म्हणून पाहतो. खरे तर वस्तीतल्या मुलासाठी ती लसीकरणाइतकीच आवश्यक आरोग्यसेवा आहे.

ही कल्पना आपल्या कायद्यांना नवी नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने तीसहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यावर पाळणाघराची सक्ती घातली. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्री मजूर असलेल्या कामावर ती घातली. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ती लागू झाली आणि बाळंतपणाची पगारी रजाही २६ आठवड्यांवर गेली. या सगळ्यांत एक गृहीत समान आहे : बाई एका मालकाकडे, एका छपराखाली काम करते. घरकाम करणाऱ्या बाईचे चार मालक असतात आणि चारही ठिकाणी कर्मचाऱ्यांची संख्या एक. पन्नासचा आकडा कुठेच भरत नाही. खारघरच्या एखाद्या दोनशे सदनिकांच्या सोसायटीत रोज सकाळी फाटकावर नोंद करून आत जाणाऱ्या बायका मोजल्या तर त्या पन्नासहून अधिक भरतील. पण कायद्याच्या हिशेबी तिथे दोनशे वेगवेगळी घरे आहेत, कामाची जागा एकही नाही.

यातून निघणारे चित्र विचित्र आहे. सदनिकेतल्या आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. ती संपल्यावर तिचे बाळ सांभाळायला जी येते, तिला स्वतःच्या बाळंतपणात एक दिवसाचीही पगारी रजा नसते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या मुलासाठीचे ५ हजार रुपये मिळाले, तरी त्यात सहा महिने घर चालत नाही. म्हणून ती दीड-दोन महिन्यांत कामावर परतते. ‘सहा महिने फक्त आईचे दूध’ हा सल्ला तिथेच मोडतो. दुसऱ्याच्या बाळाला वेळेवर खिमट भरवणारी बाई स्वतःच्या बाळाला भरवू शकत नाही, आणि तिला कोणी अडाणी म्हणत असेल तर तो अन्याय आहे.

मग अंगणवाडी काय करते, असा प्रश्न येईल. अंगणवाडीची मुळे महाराष्ट्रातच आहेत. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा विचार ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात प्रत्यक्षात आणला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी घराघरांत पोचली. अल्प मानधनावर काम करणाऱ्या सेविकांनी या राज्यात केलेले काम मोठे आहे. पण अंगणवाडी साधारण दुपारपर्यंत चालते, आणि दिवसाचा बैठा कार्यक्रम असतो तो तीन वर्षांवरच्या मुलांसाठी. तीन वर्षांखालच्या मुलाच्या वाट्याला येते ते घरी न्यायचे आहाराचे पाकीट. ते घरातली सगळीच मुले वाटून खातात, आणि न वाटता ठेवले तरी दुपारी ते शिजवून भरवायला घरी कोणी नसते. आठवड्यातून दोनदा द्यायच्या लोहाच्या औषधाचेही तेच. बाटली मिळते, आठवणीने एक मिलिलिटर पाजणारा हात मिळत नाही. मूल फारच खालावले तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायचा सल्ला दिला जातो. तिथे आईने सुमारे दोन आठवडे सोबत राहावे लागते. तेवढ्यात तिची दोन घरे सुटलेली असतात, आणि मूल सुधारून घरी आले की पुन्हा त्याच खोलीत, त्याच कडीआड.

पाळणाघरांविरुद्धचे आक्षेपही ऐकून घ्यायला हवेत. पहिला वैद्यकीय आहे आणि तो खरा आहे : लहान मुले एकत्र आली की सर्दी, खोकला, जुलाब पसरतात. वाईट चालवलेले पाळणाघर घरापेक्षा धोकादायक ठरू शकते. म्हणून हात धुण्याची सोय, उकळलेले पाणी, पूर्ण लसीकरण, मर्यादित मुले आणि ताप आलेल्या मुलाला वेगळे ठेवण्याची शिस्त यांत तडजोड चालणार नाही. पण तुलना करायची ती आदर्श घराशी नव्हे, आजच्या वस्तुस्थितीशी. आज त्याच मुलाभोवती पाण्याने भरलेले उघडे पिंप आहे, जमिनीवर शेगडी आहे, पाण्याच्या बाटलीत भरलेले रॉकेल किंवा फिनेल आहे. भाजलेली, बुडालेली, विषबाधा झालेली लहान मुले सरकारी रुग्णालयांत येतात ती बहुधा अशाच घरांतून.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे : ‘परवडत नाही तर इतकी मुले कशाला होऊ देतात?’ राज्याचा जननदर त्याच सर्वेक्षणात १.७ आढळला आहे. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ पेक्षा तो कमी आहे. वस्तीतही आता बहुतेक घरांत दोनच मुले दिसतात. प्रश्न संख्येचा उरलेला नाही. तिसरा आक्षेप : ‘मूल सांभाळणे आईचे काम.’ मूल दोघांचे असते. नाक्यावर काम न मिळालेल्या दिवशी बाप घरी असतो. पण भरवायचे कसे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते, कारण दवाखान्यात आणि अंगणवाडीत सगळे समुपदेशन आईचेच होते. ते बदलायला हवे आणि त्याला पैसाही लागत नाही.

पाळणाघरे चालवता येतात याचे दाखले आहेत. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामावरच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेशेस’ सुरू केले. मुंबईत हे काम १९७२ पासून चालू आहे. इमारत पूर्ण झाली, मजूर हलले, की पाळणाघरही त्यांच्यामागे हलते. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारी इथे ‘जन स्वास्थ्य सहयोग’च्या डॉक्टरांनी सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ‘फुलवारी’ चालवल्या. आई शेतात किंवा जंगलात गेली की गावातल्याच बायका मुलांना सांभाळतात आणि दिवसातून अनेकदा भरवतात. आजार बरे करून थकलेल्या डॉक्टरांना हे करावेसे वाटले, यातच सारे आले.

केंद्र सरकारची ‘पाळणा’ ही योजना २०२२ पासून याच विचारावर आधारलेली आहे : अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचे. बहुतेक राज्यांत खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० असा वाटून घेतात. कागदावरची योजना पनवेलच्या वस्तीत उतरवायची तर सुरुवात मोजणीपासून करावी लागेल. आशा सेविकेच्या वहीत बाळांची नावे आहेत, अंगणवाडी सेविकेच्या नोंदवहीत त्यांची वजने आहेत. त्यात एकच रकाना वाढवावा : आई कामाला किती वाजता जाते, किती वाजता येते आणि तोवर मूल कोणापाशी असते. ही माहिती हाती आली की कुठल्या गल्लीत पहिले पाळणाघर हवे हे आपोआप कळेल. गावठाणातल्या भाड्याच्या खोल्या या मोजणीतून सुटता कामा नयेत.

जागेसाठी महापालिकेच्या शाळांतल्या रिकाम्या खोल्या, समाजमंदिरे, मोठ्या अंगणवाड्या आहेत. वेळ मात्र कार्यालयाच्या सोयीने ठरू नये. दहा वाजता उघडणारे पाळणाघर साडेसातला निघणाऱ्या बाईच्या काय कामाचे? ते सकाळी सातला उघडून संध्याकाळी पाचपर्यंत चालले पाहिजे. पंचवीस मुलांमागे वस्तीतल्याच दोन-तीन बायकांना प्रशिक्षण देऊन पूर्ण पगारावर नेमावे. आज पैसे घेऊन चार मुले सांभाळणारी मावशी या कामाला सर्वांत योग्य. तिला काढून टाकण्याऐवजी तिला शिकवावे. नागरी आरोग्य केंद्राच्या परिचारिकेने आठवड्यातून एकदा तिथे जावे, दर महिन्याला वजन-उंची घ्यावी, लोहाचे औषध तिथेच पाजले जावे.

पैसा कुठून येईल? महिला व बालकल्याणासाठी अंदाजपत्रकातला ५ टक्के निधी राखण्याचा दंडक महापालिकांना आहे. शिलाई यंत्रे आणि प्रशिक्षण वर्ग यांच्याबरोबर त्यात पाळणाघर हे कायमचे शीर्षक असावे. राज्यात बांधकामांवर खर्चाच्या १ टक्का उपकर मजुरांच्या कल्याणासाठी घेतला जातो. जिथे इतकी बांधकामे चालू आहेत, तिथल्या मजुरांच्या मुलांसाठी त्यातला वाटा मागणे रास्त आहे. तळोज्यातल्या कारखान्यांचा सामाजिक दायित्व निधी आहे. घरकामगारांसाठी राज्याने २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. त्या मंडळालाही यात उतरता येईल.

आणि सरकारची वाट न पाहता उद्याच करता येण्याजोगे एक काम सोसायट्यांचे आहे. खारघर, कामोठे, नवीन पनवेलच्या मोठ्या संकुलांत क्लबहाऊस असते. दुपारी ते रिकामेच पडलेले असते. त्यातली एक खोली, दोन प्रशिक्षित बायका आणि दर सदनिकेमागे महिन्याला थोडीशी वर्गणी एवढ्यावर तिथे कामाला येणाऱ्या बायकांची मुले दिवसभर सुरक्षित राहू शकतात. आईला मधल्या सुट्टीत येऊन बाळाला पाजता येईल. निरोगी मुलाची आई सारख्या रजा घेत नाही, हा फायदा सोसायटीलाही लगेच जाणवेल. संकुलाच्या पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, पार्किंग आणि पाण्याच्या टाकीच्या विषयांनंतर, एखाद्या सभासदाने हा विषय मांडायला हरकत नाही.

तोवर दवाखान्यांनी आपल्या प्रश्नावलीत एक बदल करावा. कमी वजनाचे बाळ समोर आले की ‘काय भरवता?’ याच्याही आधी ‘दिवसभर मूल कोणापाशी असते?’ असे विचारावे आणि मिळेल ते उत्तर केसपेपरवर लिहावे. ‘समुपदेशन केले’ या दोन शब्दांपेक्षा ते उत्तर उपयोगाचे ठरेल. अशी शंभर उत्तरे एकत्र ठेवली तर महापालिकेच्या सभागृहात पाळणाघरांची मागणी करायला दुसरा पुरावा शोधावा लागणार नाही.